मामंजींचा बिबट्या

माझे सासरे माझ्याशी बोलत नसत. ते म्हशीशी बोलत आणि मी ऐकायचं, अशी आमच्या घरातली रीत होती. त्यात राग-लोभ काही नव्हता. वेल्ह्याच्या त्या खोऱ्यात सुनेनं सासऱ्यासमोर पदर ओढून घ्यायचा आणि सासऱ्यानं सुनेकडं न बघता बोलायचं, हे घरोघरीच होतं. बाकीच्या घरांत मधे सासू असायची, तिच्या तोंडून निरोप जायचे-यायचे. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. म्हणून मामंजी दावणीपाशी उभे राहून म्हशीला सांगत, "आज पाव्हणं येणार हायती गं. चार भाकरी जास्ती लागतील." म्हैस कान हलवायची आणि मी पीठ काढायला उठायची.

मी सारोळ्याची, हायवेवरच्या गावातली. आमच्या दारावरून साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या गाड्या जायच्या आणि त्या जणू माझ्या बापाच्याच असाव्यात अशा तोऱ्यात मी असायची. त्यात चौथी पास. पासलीच्या अलीकडच्या त्या डोंगरातल्या गावात सून होऊन आले तेव्हा मला खात्रीच होती, की या लोकांना शहाणं करायला देवानं मला धाडलंय. आता त्या वेळच्या त्या पोरीची आठवण झाली की वाटतं, समोर असती तर एक टपली मारली असती आणि मग कुशीत घेतली असती.

घरात आम्ही तिघं. मामंजी, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझ्या आत्याबाई, आणि मी. आमचे हे मुंबईला गिरणीत. गावातले निम्मे गडी तिकडंच असायचे. शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे, पेटीतून साबण आणि खोबरेल काढायचे आणि परत जायचे.

लग्नाला सात वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. पहिली दोन वर्षं बायका नुसत्या पोटाकडं बघायच्या. मग विचारायला लागल्या. मग विचारायच्या बंद झाल्या, आणि ते सगळ्यात वाईट. बारशाला बोलावणं येईना. कुणाच्या डोहाळजेवणाला गेलेच तर ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "तू जरा चुलीकडं बघ गं, भात करपंल." भाताची लावणी मी खोऱ्यात कुणाला हार गेले नसते अशी करायची, पण चिखलात पहिली मूठ लावायची ती लेकुरवाळीनं. तोवर मी बांधावर उभी. पहिली ओळ झाली की हाक यायची, "ये गं, लाग आता." मी लागायची, आणि रागानं अशी लावायची की बाकीच्या दोन वाफे मागं राहायच्या.

उपाय तर काय, विचारूच नका. कुणी सांगेल तो पाला वाटून प्याले. एका भगतानं तर असं कडक सांगितलं, की होळीपासून पाडव्यापर्यंत नवऱ्याच्या अंथरुणाला शिवायचं नाही, तरच पाळणा हलेल. हे मी दर वर्षी न चुकता पाळलं. हे शिमग्याला आले की मी देवापुढं घोंगडं टाकून निजायची. गणपतीत हे आले की माझा भाऊ गौरीसाठी मला न्यायला यायचा, आणि माहेर म्हटलं की मी उड्या मारत सारोळ्याला. उरलेसुरले दोन-चार दिवस राहिलेच तर घर एकखणी, आणि आत्याबाई मधोमध खोकत पडलेल्या. आमचे हे बिचारे ओसरीवर गड्यांत झोपायचे. आणि चौथी पास झालेली ही शहाणी वर देवाला विचारायची, मला मूल का देत नाहीस म्हणून!

त्या वर्षी शिमगा झाल्यावर आत्याबाईंनी विषय काढलाच. मार्गासनीची एक पोरगी त्यांनी बघून ठेवली होती.

"किती दिस वाट बघायची?" त्या मामंजींना म्हणाल्या. मी चुलीपाशी होते, आणि मला ऐकू जावं असंच त्या बोलत होत्या. "एकुलता एक ल्योक तुझा. वंश बुडवतोस का? हिला काय आपण घालवतोय व्हय? ऱ्हाईल एका बाजूला. दोघी मिळून लावणी करतील."

मामंजी नुसते "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे होकार की नकार हे त्यांच्या बहिणीलाही कधी कळलं नव्हतं. मला मात्र त्यात मार्गासनीच्या पोरीची पावलं ऐकू आली. 

आठवडाभरानं मामंजी दावणीपाशी येऊन म्हशीला म्हणाले, "उद्या भोरला डॉक्टरकडं जायाचं हाय. सकाळची एस्टी गाठाय पायजे. तयारीत ऱ्हा."

म्हैस त्या वर्षी गाभण राहत नव्हती. मला वाटलं, तिलाच दाखवायला नेताहेत. एस्टीत म्हैस कशी बसणार, हा प्रश्न या हायवेच्या पोरीला पडला नाही. मी पहाटे उठून म्हशीला घासून-घासून धुतली, शिंगांना तेल लावलं, नवा कासरा बांधून दारात उभी केली आणि एका धडप्यात दोन भाकरी मामंजींसाठी बांधल्या.

मामंजी धोतर-पागोटं करून बाहेर आले. चकचकीत म्हैस बघितली. माझ्याकडं बघितलं नाही, पण पागोटं सारखं करायला बराच वेळ लावला. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू घरीच ऱ्हा गं बाई. तुला न्हाई दाखवायचं. ज्याला दाखवायचं त्यानं लुगडं बदलून यावं."

रस्त्यानं ते पुढं, मी बरीच मागं. एस्टीत ते ड्रायव्हरमागं, मी बायकांच्या बाकावर. नसरापूरच्या फाट्यावर गाडी बदलली तेव्हाही आम्ही एका झाडाच्या दोन बाजूंना उभे. बघणाऱ्याला वाटलं असतं, या दोघांची ओळख नाही.

भोरात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मामंजींनी तो असाच शोधला नव्हता. नंतर कळलं, त्याआधी दोन बाजारांना ते समोरच्या हाटेलात चहा पीत बसून राहिले होते, कोण बाया आत जातात आणि बाहेर येताना त्यांची तोंडं कशी असतात ते बघत. बैल घेतानाही ते असंच करायचे. आधी दोन बाजार नुसतं बघायचं.

पण दवाखान्याच्या भिंतीवर हा एवढा लाल त्रिकोण रंगवलेला. त्या वेळी गावोगाव रंगवत होते, मुलं कमी होऊ द्या म्हणून. मामंजींना वाचता येत नव्हतं, त्यांनी तो देवाचा समजून हात जोडले. मला वाचता येत होतं. मी वाचलं. म्हटलं, झालं, मला इथं कायमची बंद करायला आणलीय. मार्गासनीची येणार, आणि मधेच मला दिवस जायला नकोत म्हणून हा बंदोबस्त. आत जाईपर्यंत मी मनातल्या मनात सारोळ्याला पळूनही गेले होते.

डॉक्टरीणबाई चष्म्यातून बघत म्हणाल्या, "बस. लग्नाला किती वर्षं झाली?"

"सात."

"मालक कुठं असतात?"

"ममईला. गिरणीत."

"घरी कधी येतात?"

"शिमग्याला नि गणपतीला."

"मग गणपतीत तुम्ही दोघं एकत्र असता."

"न्हाई. गणपतीत मी म्हायेरी जाते."

"बरं. शिमग्याला?"

"शिमग्याला माझी पाळणूक असती, बाई. येगळं निजते."

"कशासाठी?"

"मूल व्हावं म्हणून."

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मग उठून पडद्याआड गेल्या आणि तिकडं पाण्याचा नळ सोडला. नळाच्या आवाजातही मला त्यांचं हसू ऐकू आलं. बाहेर आल्या तेव्हा तोंड गंभीर होतं. त्यांनी मला तपासलं, "बाहेर बस, वडिलांना पाठव," म्हणाल्या. आणि मी या सगळ्याचा अर्थ काय लावला असेल? की माझी तऱ्हा इतकी हाताबाहेर गेली आहे की डॉक्टरलाही हसू येतं!

आत काय झालं ते मला डॉक्टरीणबाईंनीच पुढं बाळंतपणाच्या वेळी सांगितलं. मामंजी खुर्चीवर बसलेच नाहीत. कोपऱ्यात वजनाचा काटा होता, त्याच्याकडं तोंड करून उभे राहिले आणि काट्याला म्हणाले, "सुनंमधी खोट हाय का?"

बाई म्हणाल्या, "मला तरी दिसत नाही. आजोबा, अहो नवरा-बायको एका घरात राहिल्याशिवाय मूल कसं होईल? त्यांना वर्षभर एकत्र राहू द्या. एकत्र म्हणजे एकत्र, समजलं का? मधे कुणी नको. तरी नाही झालं तर मुलाला घेऊन या. दोष पुरुषातही असू शकतो. तपासता येतं."

"गड्याला कसं तपासत्यात?"

बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं आता हा म्हातारा उठून जाणार. त्यांचे कान लाल झाले. पण हलले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, 'बरं. वरीसभर बघतो.'"

परत येताना एस्टीत मी पदराआड रडत होते. ते पुढं बसून खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं डोकं त्याच वेळी कामाला लागलं होतं, हे मला काय ठाऊक!

आषाढाच्या तोंडाला मामंजी मुंबईला गेले आणि लेकाला पेटी-वळकटीसकट घेऊन आले. यंदा लावणीला माणूस नाही, लांब रजा काढून आलाय, असं गावात सांगितलं. लावणीला माणूस दर वर्षीच नसायचा. गिरणीत एवढी रजा कोण देतो? परत गेल्यावर जागा राहील की नाही याचा भरवसा नव्हता, आणि ते मामंजींना पक्कं माहीत होतं. ह्यांनी नंतर मला सांगितलं, "आबांनी गिरणीच्या दारात उभं राहून एवढंच म्हटलं, 'घरी चल.' का म्हणून विचारलं तर म्हणाले, 'म्या म्हणतोय म्हणून.'"

ह्यांना येऊन दोन दिवस झाले, आणि मामंजींनी सकाळी चावडीसमोर जाहीर केलं, "रानात बिबट्या फिरतोय. म्या पावलं बघितली."

आमची जनावरं पावसाळ्यात रानातल्या गोठ्यात असायची. मामंजी म्हणाले, आता मला तिथंच राहिलं पाहिजे. घोंगडी, कंदील, कुऱ्हाड घेऊन निघाले. जाता जाता आत्याबाईंना म्हणाले, "आक्का, तूबी चल. सुनंच्या हातची भाकर मला पचंना झालीय. पोट दुखतंय. तुझ्याच हातची पायजे."

आत्याबाई अशा फुलल्या म्हणून सांगू! बिबट्याची भीती कुठच्या कुठं गेली. तवा आणि परात डोक्यावर घेऊन, मला ऐकवत निघाल्या, "बघितलंस का गं सारोळकरणी? सात वरसं गिळली बिचाऱ्यानं."

माझी भाकर! माझ्या भाकरीला सारोळ्यात नाव होतं. मी दारात उभी राहून त्या दोघांना डोंगराच्या अंगाला जाताना बघत राहिले आणि ठरवून टाकलं, की आता या घरात आपलं काही उरलं नाही. मला टाकण्याआधी माझी भाकर टाकली. चार दिवस चुलीपाशी बसून रडले. घर रिकामं, बाहेर धो-धो पाऊस, नवरा घरात, आणि ही बाई भाकरीसाठी रडतेय. काय म्हणावं?

बरं, नवराही माझ्याच तोलाचा. म्हातारा बाप बिबट्याच्या तोंडी आहे म्हणून तो काठी घेऊन राखणीला गोठ्यावर निजायला गेला. मामंजींनी त्याला परत हाकलला. "तुझ्या अंगाला गिरणीचा वास येतोय, म्हस पान्हवंना." तर हा साबणानं अंग घासून परत गेला! मग मामंजी म्हणाले, बिबट्या गावाकडं सरकलाय, तू घर राख. तेव्हा हा घरी आला, आणि घर राखायचं म्हणून ओसरीवर काठी उशाला घेऊन झोपला.

इकडं बिबट्या मामंजींच्या हाताबाहेर गेला होता. गावात तिघांनी तो डोळ्यांनी बघितला. एकाची कोंबडी त्यानं नेली. आत्याबाईंनी तर त्याची डरकाळी ऐकली आणि त्या वेळी आपण कसे न भिता जळतं लाकूड फेकलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. मामंजी शेजारी बसून मान हलवत, "व्हय, फेकलं की आक्कानं."

अशात एका दुपारी हे रानात गेले होते. पाऊस उघडला होता. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. समोर सावली पडली म्हणून बघते तर मामंजी. मी गडबडीनं पदर ओढला. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. घरात म्हैस नव्हती. आत्याबाई नव्हत्या. वजनाचा काटाही नव्हता. ते घसा खाकरून थेट माझ्याकडं बघून बोलले.

"पोरी, बिबट्या न्हाई."

मी बघतच राहिले. पदर पडला तो कळलाच नाही.

"कवाच नव्हता. भाकरबी लई ग्वाड हुती तुझी. आक्काच्या भाकरीनं माझं दात हलाय लागल्यात." मग म्हणाले, "म्या म्हातारा पावसात का पडलोय, त्याचा इचार करा दोघांनी."

आणि पाठ फिरवून झपाझपा निघून गेले.

सात वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी तिथंच सूप मांडीवर घेऊन बसले, आणि डॉक्टरीणबाईंचं नळाआडचं हसू, मुंबईची वारी, गोठा, भाकर, एकेक करून सगळं माझ्या टाळक्यात शिरलं. आधी लाजले. मग इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

हे परत आल्यावर मी म्हटलं, "अवो, बिबट्या न्हाई म्हणं."

"न्हाई? मग आबा गोठ्यावर कशाला निजत्यात?"

"तुमी गिरणीतच बरं हुता," मी म्हटलं, आणि त्यांची ओसरीवरची वळकटी उचलून आत आणली.

इथं गोष्ट संपली असती तर ती मामंजींच्या हुशारीची झाली असती. पण मी त्यांना मानते ते हुशारीसाठी नाही. पावसाळा गेला, भात झोडून झालं, थंडी गेली. मी दर महिन्याला आशा करायची आणि दर महिन्याला बाजूला बसायची. मामंजी हूं की चूं करत नव्हते. मुंबईची जागा गेल्याचं कळलं तेव्हाही नाही. शिमगा आला आणि भावकीतले चौघे ओसरीवर येऊन बसले. आत्याबाईंनी मार्गासनीचा निरोप आणला होता, पोरीचा बाप तयार होता.

"आता तर ल्योक घरातच हाय," भावकीतले थोरले म्हणाले. "तरीबी काय न्हाई. म्हंजी खोट कुणात हाय ते दिसतंयच. सुपारी फोडू."

मी आत दाराआड. हे ओसरीच्या कडेला, मान खाली. मला वाटलं, आता मामंजी "बघू" म्हणणार.

ते म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलंय, खोट गड्यातबी असती. आधी माझ्या पोराला तपासतो."

ओसरीवर असं काही झालं की जणू खराच बिबट्या आत शिरला. थोरले उठूनच उभे राहिले. "काय बोलतोस? सवताच्या लेकाला? चार माणसांत?"

"चार माणसांतच बोलतोय. खोट माझ्या पोरात असली तर मार्गासनीच्या पोरीचंबी वाटुळं करू का? ही हितं आठ वरसं बोलणी खातीया. आनि एक आणून तिलाबी खायला घालू?"

आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तुझ्या पोराला लोक काय म्हणतील रं!"

"हिला म्हणत्यात त्येच," मामंजी म्हणाले.

मी दाराची फळी घट्ट धरून ठेवली होती. माझं सगळं लक्ष ह्यांच्याकडं. बापानं भावकीसमोर एवढं बोलल्यावर कुठला गडी गप बसेल? ह्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. हे उठले, पायात वहाणा घातल्या. मला वाटलं, चालले मुंबईला. हे अंगणात गेले, परत आले आणि मामंजींना म्हणाले, "कवा जायाचं?"

भोरच्या बाईंनी पुण्याला पाठवलं. बाप-लेक दोघंच गेले. तिथं काय निघालं, काय औषध दिलं, ते मी लिहिणार नाही. ते ह्यांचं होतं, ते ह्यांच्याबरोबर गेलं. एवढं सांगते, की औषध बरेच महिने चाललं, आणि ते वेळेवर घेतलं का हे मामंजी रोज म्हशीला विचारायचे. बोलायची रीत पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. तो एक दिवस सोडला तर ते माझ्याशी सरळ कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मला दिवस गेले. मुलगी झाली. आत्याबाई "पोरगीच का," म्हणायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात मामंजींनी ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्या काय म्हणणार होत्या ते विसरल्या.

त्यानंतर एक नवंच सुरू झालं. मी बांधावर भाकर घेऊन जायची तेव्हा मामंजींशेजारी कुणीतरी परगावचा माणूस बसलेला दिसायचा. कधी पासलीचा, कधी खालच्या अंगाचा. बहुतेक कुणाचा तरी सासरा. आधी पावसाचं बोलणं व्हायचं, मग बैलांचं, मग तंबाखू मळून व्हायची. मी दिसले की गप्प. मी भाकर ठेवून मागं वळले की माणूस खाली बघत हळूच विचारायचा, "ते भोरचं... कुठल्या गल्लीत हाय म्हणालात?"

मामंजी गल्ली सांगायचे, एस्टीची वेळ सांगायचे. मग आपल्या हातची तंबाखू त्याच्या हातावर ठेवून म्हणायचे, "सुनंला एकलीला नेऊ नगा. पोरालाबी संगं घ्या."